बांगडीची खूण

माझा भाऊ डेन्मार्कहून परत आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणले, आईसाठी एक नक्षीचा चमचा आणला आणि खरं बोलायची जुनी खोड जशीच्या तशी परत आणली. मोज्यांचा धुळ्यात फारसा उपयोग नव्हता. चमचा आईनं कपाटात ठेवून दिला. खोडीनं मात्र पहिल्याच जेवणाला घरात आग लावली.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. भाऊ सरकारी दूध योजनेत नोकरीला होता आणि लोणी, चीज वगैरे करायचं शिकायला त्याला काही महिने तिकडे पाठवलं होतं. नाना, म्हणजे आमचे वडील, नरडाण्यापुढच्या आमच्या गावी शेती बघत. आई आणि आम्ही दोघं भावंडं धुळ्यात दोन खोल्यांत राहायचो. मी कॉलेजात होते. आईनं लग्नाआधीच महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. ज्या घरात मांस-अंडं शिजतं तिथं ती पाणीसुद्धा घेत नसे. कुणाला नावं ठेवायची नाही, वाद घालायची नाही, फक्त पाणी घ्यायची नाही.

त्या पहिल्या जेवणाला तिनं भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. भाऊ इतके महिने उपाशी असल्यासारखा जेवत होता आणि आई त्याच्याकडे बघत बसली होती. मग तिनं सहज विचारलं, "तठे काय खाये रे तू?"

पाव, बटाटे, लोणी, सांगायला काय कमी होतं? तेवढंच सांगून गप्प बसला असता तर सात समुद्रापलीकडून साक्ष द्यायला कोण येणार होतं? पण नाही. त्यानं पाव सांगितला, बटाटे सांगितले आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "अंडी बी खाये माय. थंडी लई शे तठे. दुसरं काही भेटे नही."

आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि ती भाजून होईपर्यंत वर पाहिलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुना भाऊले इचार, आखो भाकर पाहिजे का?"

भाऊ तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

त्या दिवसापासून माझी हमाली सुरू झाली. तुना भाऊले सांग, पानी तापेल शे. तुना भाऊले सांग, सदरा दोरीवर शे. त्याचं ताट आणि तांब्या मागच्या दाराशी वेगळा ठेवला गेला. आई त्याच्या आवडीचं सगळं करायची, वाढायची, पण ताट खाली ठेवून हात मागे घ्यायची. सुरुवातीला तो थेट तिच्याशी बोलायचा. उत्तर माझ्याकडून यायचं. हळूहळू त्यानंही सोडून दिलं आणि म्हणायला लागला, "आईला सांग, मी स्टेशनवर जाऊन येतो." दोघांच्या मध्ये मी. दोघांनाही सगळं ऐकू येत असायचं, तरी मी बोलल्याशिवाय कुणी हलायचं नाही. माझ्या नाकावर तेव्हाही राग असायचा. एकदा मी दोघांनाही सांगितलं की उद्यापासून मी मुकी आहे. संध्याकाळपर्यंत घरात एक शब्द निघाला नाही. शेवटी मलाच राहवलं नाही.

भावाची बदली जळगावच्या डेअरीवर झाली. निघायचा दिवस जवळ आला तसा तो मला एकदा गच्चीत म्हणाला, "आई बोलल्याशिवाय मी असाच गेलो ना, तर पुन्हा या घरात यायचा धीर मला व्हायचा नाही. दिवाळीला मागच्या दाराशी ताट घेऊन बसायचं, ते माझ्याच्यानं होणार नाही." तो हे रागानं बोलला असता तर मी सोडून दिलं असतं. पण तो अगदी शांतपणे बोलला. आईचा हट्ट मला माहीत होता. त्याचाही माहीत होता. एकाच मातीचे दोघं.

मग त्यानं पेस्ट्रीचं डोक्यात घेतलं.

तिकडे तो एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायचा. तिथले लोक सकाळी कॉफीबरोबर जे खातात ते तो खाली बसून करायला शिकला होता. लोण्याच्या घड्या घातलेली कणीक, तिचे पदर, मध्ये काहीतरी गोड. सगळं जग त्याला डेन्मार्कचं म्हणतं आणि तिथले लोक त्याला व्हिएन्नाचं म्हणतात, हे त्यानं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. ते अंड्याशिवाय होतं, फक्त वरून चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवतात, तिथं दूध लावलं तरी चालतं. "परदेशात मी काय खाल्लं ते तिला दिसलं," तो म्हणाला, "काय शिकलो ते दिसलंच नाही. तिनं माझ्या हातचं एकदा खाल्लं की झालं."

आमच्या घराजवळ एक बेकरी होती. बेकरीवाले चाचा वयस्क, दम्याचे, पाव-खारी-नानकटाई करणारे. नवीन काही करायची त्यांना हौस. रोज दुपारी भट्टी निवायला लागली की ते भावाला हात मोकळे करू देत. त्या आठवड्यात त्या बेकरीतलं सगळं बरं-वाईट मी चाखलं. पहिल्या दिवशी त्यांनी डालडा घातला. पेस्ट्री टाळ्याला चिकटून बसली. दुसऱ्या दिवशी लोणी घातलं, पण घाई केली. लोणी वितळून पत्र्यावर वाहिलं आणि हाती आली ती कडक पुरी. मग मात्र जमलं. सावद्याकडची पिकली केळी साखर आणि वेलदोडा घालून आटवायची, तो गोळा मध्ये ठेवायचा आणि पाकिटासारखी चारी टोकं दुमडायची. दाताखाली वरचा पदर खुसखुशीत तुटायचा, आतला मऊ राहायचा आणि मग केळं जीभ भाजायचं. असं काही मी तोवर खाल्लं नव्हतं. मी तीन खाल्ल्या आणि घरी येऊन गप्प बसले. आईनं जवळ येऊन वास घेतला. "तोंडाले कसाना वास ई ऱ्हायना?" मी म्हटलं, लोण्याचा. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून सगळं सांगून टाकलं.

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुना भाऊले सांग, मी येसू. पन बठ्ठं मना डोयासमोर व्हवाले पाहिजे."

सगळं तिच्या डोळ्यांसमोर व्हायचं, हे काही अवघड नव्हतं. आमच्याकडे तेव्हा बायका सणाआधी घरचा मैदा, घरचं तूप, घरची पिठीसाखर घेऊन बेकरीत जायच्या आणि नानकटाई भाजून घ्यायच्या. माल घरचा आणि डोळ्यांसमोर भाजलेला, म्हणून आईलाही ते चालायचं. भट्टीजवळ बसून पहारा द्यायच्या, कारण तूप बदललं जाईल ही भीती प्रत्येकीला. पत्रे सगळे सारखे काळे, तेव्हा आपला माल ओळखू यावा म्हणून प्रत्येक घराची खूण असायची. कुणी लवंग खोचायचं, कुणी काट्यानं रेघा ओढायचं. आई हातातली काचेची बांगडी धुऊन प्रत्येक नानकटाईवर दाबायची. गोल वळ उठायचा. एकदा खूण केली की बायका निर्धास्त. मग पत्रा कुठंही जावो, कुणाच्याही शेजारी लागो, गप्पा मारायला मोकळ्या.

भावाच्या जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. पौषातली थंडी होती. आईनं स्वतः घुसळलेलं लोणी गार पाण्याच्या गाडग्यात घातलं होतं आणि ते गाडगं कडेवरच्या पोरासारखं धरून ती चालत होती. वाटेत मला म्हणाली, "बिस्किटले कोनी लोनी घालस का?" भाऊ दोन पावलं पुढं होता. मी म्हटलं, "माय म्हणते, बिस्किटाला कुणी लोणी घालतं का?" तो न वळता म्हणाला, "तिला सांग, घालतात." भर रस्त्यात दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला झालं.

चाचांनी भट्टीच्या खोलीच्या उंबऱ्याशी पाट मांडून ठेवला होता. "माँजी, आप बेफिकर बैठो," ते म्हणाले. आई बसली, पदर ओढून घेतला आणि तिनं पहिल्यांदा ओटा धुवायला लावला. मग लाटणं. मग भावाचे हात. हात धुवायचं अर्थातच मला सांगितलं गेलं.

त्यानं कणीक लाटली, लोणी पसरलं, घडी घातली, ओल्या फडक्याखाली ठेवली, पुन्हा लाटली. आई डोळ्याची पापणी न हलवता बघत होती. तिला त्याच्या हातातलं काम आवडत होतं, ते मला तिच्या बोटांवरून कळत होतं. ती मांडीवर नकळत लाटत होती. पाकिटं दुमडून झाली तेव्हा दोन पत्रे भरले. एक आमचा, घरचा, वर दुधाचा हात फिरवलेला. दुसरा चाचांचा, दुकानात विकून बघायचा. चाचांच्या पत्र्यावर अंड्याचा हात फिरणार होता, कारण गिऱ्हाइकाला चकाकी लागते, आणि ते त्यांनी आईला आधीच सांगितलं होतं. तो पत्रा त्यांनी खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन, वेगळ्या कुंच्यानं रंगवला. आईनं त्याला हरकत घेतली नाही. ती उठली, बांगडी काढली, धुतली आणि आमच्या पत्र्यावरच्या प्रत्येक पाकिटावर दाबली.

भाऊ बघतच राहिला. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा त्याच्या हातचं काही शिवलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि तो कुंचा शोधायच्या निमित्तानं खाली वाकला. दोन्ही पत्रे भट्टीत गेले आणि आई निर्धास्त होऊन पाटावर जाऊन बसली, तिनं पुन्हा भट्टीकडे पाहिलं नाही.

एवढ्यात पुढच्या दुकानातून हाक आली. शेजारच्या कापडदुकानाच्या शेठाणी आल्या होत्या. मारवाडी जैन घर, अंडं तर सोडाच, कांदासुद्धा नाही. पण त्यांच्या कानावर आलं होतं की इथं बिनअंड्याचं विलायती काहीतरी निघणार आहे. चाचांनी काचेच्या कपाटात गुलाबी क्रीमचा एक अंड्याचा केकही मांडून ठेवला होता. शेठाणी त्याच्याकडे पाठ करून बसल्या. चाचांना वाटलं, यांनी एकदा खाल्लं की सगळा बाजार खाईल. त्यांनी भावाला पुढं पाठवलं, समजावून सांगायला. शेठाणींना बरेच प्रश्न होते.

थोड्या वेळानं भट्टीचं दार उघडलं आणि सगळ्या गल्लीत लोण्याचा वास सुटला. चाचांनी दोन्ही पत्रे काढले, वर साखरेचा पाक फिरवला आणि फळीवर शेजारी शेजारी ठेवले. भाऊ आत आला. आई उठून फळीजवळ गेली. मी तिच्या मागं.

दोन्ही पत्र्यांवरची पाकिटं टम्म फुगली होती. लालबुंद, पाकानं चमकणारी, सगळी एकसारखी. आईनं एक पाहिलं, दुसरं पाहिलं, वाकून तिसरं पाहिलं. "मनी बांगडी कथी गई?"

बांगडीचा वळ कुठंच नव्हता. नानकटाई जागच्या जागी बसते, तिच्यावर वळ राहतो. हे पदर उलगडत वर आले होते आणि वर येता येता वळ पुसला गेला होता. मी आठवडाभर ते फुगताना बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"ये बाएँ हाथवाला आपका," चाचा लगेच म्हणाले. मग जरा थांबले. मागच्या बाजूला आच जास्त म्हणून त्यांनी मध्येच पत्रे फिरवले होते. "बायाँ ही होगा," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. पुढून शेठाणींनी काय झालं म्हणून विचारलं. चाचांनी पटकन डाव्या पत्र्यावरची एक पेस्ट्री बशीत घातली आणि पुढं नेऊन दिली.

आई माझ्याकडे वळली. "तुना भाऊले इचार, कोनता पत्रा मना शे."

मी विचारलं. भावानं दोन्ही पत्रे पाहिले. एक उचलून उजेडाला धरला, वास घेतला, पुन्हा ठेवला. मी मनातल्या मनात ओरडत होते की डावा म्हण. डावा म्हण आणि मोकळा हो. आई खाईल, तुझ्याशी बोलेल, उद्या तू सुखानं जळगावला जाशील आणि वर्षानुवर्षं दिवाळीला येशील. बहुधा डावाच होता. चाचा तसं म्हणत होते. आईचा हात डाव्या पत्र्याकडे गेलासुद्धा. तिनं एक पेस्ट्री उचलली, कारण त्याचं गप्प राहणं तिला होकारासारखं वाटलं असावं.

"माय, खाऊ नको!" तो ओरडला. "माले खात्री नही."

आणि तसाच पुढच्या दुकानात धावला. "शेठाणीबाई, थांबा. तोंडाला लावू नका." शेठाणींनी बशी अशी खाली ठेवली, जणू तिच्यात इंगळी होती. त्या उठल्या आणि चपला घालून निघून गेल्या. चाचा मटकन पोत्यावर बसले. "क्या किया बेटा," एवढंच म्हणाले. त्यांचा दमा उसळला.

भाऊ परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला. नंतर, दोन्ही पत्र्यांकडे बघत, हळूच म्हणाला, "मला माहीत होतं. खूण टिकणार नाही हे मला माहीत होतं. पण तिनं हात लावला, तेव्हा तसं मला सांगवलं नाही. वाटलं, मीच पत्र्यावर नजर ठेवीन."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी आईवर ओरडले. आयुष्यात तिच्यावर तशी कधी ओरडले नव्हते. "बघितलंस? त्याला खोटं बोलायचं असतं तर आत्ता बोलला असता! तेव्हाही बोलला असता! कुणी बघितलं होतं तिकडे? तुला खरं सांगितलं म्हणून मागच्या दाराशी बसवलंस त्याला! खोटं बोलला असता तर पुढ्यात बसवून जेवू घातलं असतंस!"

माझा आवाज बाहेर रस्त्यावर गेला असणार. चाचांनी मान खाली घातली. आई हातात ती पेस्ट्री धरून उभी होती. तिनं ती खाली टाकली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पाक तिच्या बोटांवरून मनगटावर ओघळत होता, रिकाम्या मनगटावर, कारण बांगडी अजून ओट्यावरच पडली होती. अंडं असेल तर तिच्या हाताला लागलं होतं. तिनं हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती हात धुवायला जाईल, घरी चालायला लागेल आणि पुन्हा माझ्याशीसुद्धा बोलणार नाही.

ती दोन पावलं चालून भावासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच. तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक तो परत आल्यापासून पहिल्यांदाच.

"तुले चालस ना?" ती म्हणाली. "मंग खाई ले."

आणि हात वर करून पेस्ट्री त्याच्या तोंडाशी धरली.

तो नुसता उभा. तोंड उघडायचं त्याला सुचेना. मलाही काही सुचेना आणि इतक्या दिवसांची सवय, मी त्याच्याकडे वळून म्हणाले, "माय म्हणते, खाऊन घे."

"ऐकू आलं मला," तो म्हणाला आणि आईच्या हातून घास घेतला.